केबल स्प्लिटर

केबल स्प्लिटर म्हणजे एका कोॲक्सियल केबलमधून (टीव्हीची जाड गोल वायर) आलेला सिग्नल दोन किंवा जास्त वायरींमध्ये वाटून देणारी छोटी धातूची डबी, एका बाजूला इनपुट आणि दुसऱ्या बाजूला दोन, तीन, चार नाहीतर आठ आउटपुट. साध्या स्प्लिटरला वेगळी पॉवर लागत नाही, आत फेराइटवर (चुंबकीय गाभ्यावर) गुंडाळलेल्या तारा असतात बस्स, त्यामुळे जेवढा सिग्नल आत येतो तेवढ्याचेच वाटे पडतात, नवीन काही तयार होत नाही.

दोन वाटे केले की प्रत्येकाला अर्धी पॉवर म्हणजे ३ डेसिबल (सिग्नल किती घटला ते सांगायचं माप) कमी, वर डबीचा स्वतःचा थोडा लॉस, म्हणून दोनवाल्यात साधारण ३.५ आणि चारवाल्यात ७ च्या आसपास धरायचं. एकापुढे एक स्प्लिटर लावले तर हे आकडे बेरजेने वाढत जातात. तीनवाल्यात गंमत असते, काहींत तिन्ही आउटपुट सारखे (५.५ च्या जवळपास) तर काहींत एकाला ३.५ आणि बाकी दोघांना ७, डबीवर छापलेलं असतं पण वाचतं कोण!

टीव्हीला सिग्नल फक्त घ्यायचा असतो, केबलवरून नेट देणाऱ्या मोडेमला मात्र परत पाठवायचाही असतो आणि लॉस दोन्ही दिशांना लागतो. मध्ये लॉस वाढला की मोडेम आपली पाठवायची पॉवर वाढवून भरपाई करतो, पण त्याला मर्यादा आहे, ती गाठली की नेट तुटायला लागतं आणि लोक राउटर बदलत बसतात. म्हणून घरात वायर शिरते तिथेच एक दोनवाला लावून त्याचं एक टोक थेट मोडेमला द्यायचं आणि दुसऱ्या टोकावर टीव्हींसाठी हवा तो स्प्लिटर जोडायचा, तीनवाला असमान असेल तर त्याचं ३.५ वालं आउटपुट मोडेमचं. स्प्लिटरने नेटचा स्पीड अर्धा होतो हा गैरसमज आहे, सिग्नलची लेव्हल मर्यादेत असेल तर स्पीडला काही होत नाही.

मोडेमचा परतीचा सिग्नल ५ मेगाहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या खालच्या पट्ट्यात असतो, त्यामुळे ५ ते १००० मेगाहर्ट्झ लिहिलेला स्प्लिटर बघायचा. फक्त टीव्हीसाठी बनवलेले काही जुने स्प्लिटर एवढ्या खालचं सोडत नाहीत, मग टीव्ही झकास आणि नेट बंद.

मोकळं आउटपुट उघडं ठेवलं तर सिग्नल तिथून उलटा फिरतो, त्यावर ७५ ओहमचा टर्मिनेटर (सिग्नल शोषून घेणारं टोपण) बसवायचा. अर्थात बऱ्याचदा खरा दोषी सैल कनेक्टरच निघतो.

डिश अँटेनाचं प्रकरण वेगळं. तिथे सेट टॉप बॉक्स त्याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून एलएनबीला (डिशच्या तोंडाशी बसवलेली सिग्नल पकडणारी डबी) कुठलं पोलरायझेशन, म्हणजे लहरींची दिशा, हवं ते सांगतो, दोन बॉक्स साध्या स्प्लिटरवर टाकले आणि एकाने १३ दुसऱ्याने १८ मागितले की एकाचे चॅनेल गायब, त्यासाठी जास्त आउटपुटचा एलएनबी किंवा मल्टिस्विचच (प्रत्येक बॉक्सला हवा तो सिग्नल वेगळा देणारी डबी) लागतो.