विनंतीआधीच्या फेऱ्या

एखाद्या प्रोग्रामला इंटरनेटवरून शंभर नोंदी गोळा करायला एक मिनिट लागू लागले, की पहिला उपाय बहुधा नेटचा प्लॅन वाढवण्याचा असतो. १०० एमबीपीएसचे ३०० केले तरी मिनिटाचे मिनिटच राहते, आणि मग पायथन ही भाषाच मंद असल्याचा निकाल दिला जातो. एमबीपीएस हे सेकंदाला किती माहिती वाहून नेता येईल याचे माप आहे. पहिले अक्षर पोहोचायला किती वेळ लागेल, हे त्यावरून कळत नाही. महामार्गाला दोन मार्गिका वाढवल्या म्हणून मोकळ्या रस्त्यावरून धावणारी एसटी पुण्याहून नागपूरला लवकर पोहोचत नाही.

अडसर भौतिकशास्त्राचा आहे. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असल्यामुळे प्रकाशतंतूत प्रकाश सेकंदाला तीन लाखांऐवजी सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर, म्हणजे जाऊन येण्यास किमान १२५ मिलिसेकंद लागणारच. समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेत राउटर असतात, हे धरून आपण एका फेरीला २०० मिलिसेकंद मोजू. ५जीच्या जाहिराती काहीही सांगोत, टॉवर बदलल्याने न्यूयॉर्क जवळ येत नाही.

आता कोडकडे पाहू. पायथनमध्ये ‘रिक्वेस्ट्स’ नावाची लायब्ररी, म्हणजे वापरायला तयार कोडचा संच, आहे. केनेथ राइट्झ यांनी ती २०११ मध्ये प्रसिद्ध केली. ‘रिक्वेस्ट्स डॉट गेट’ असे लिहून कंसात पत्ता दिला की उत्तर हाती येते. त्या एका ओळीमागे मात्र बरेच घडते. नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता शोधला जातो. हे उत्तर सहसा जवळपासच साठवलेले असते, म्हणून ते सोडून देऊ. मग टीसीपीची, म्हणजे माहिती खात्रीने पोहोचवण्याच्या नियमांनुसार, जोडणी होते: आपला संगणक ‘बोलू का?’ असे विचारणारे पाकीट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, पाठवतो आणि सर्व्हर ‘बोला’ म्हणतो, ही पहिली फेरी. त्यानंतर टीएलएस, म्हणजे सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासून गुप्त किल्ली ठरवणे, याला १.२ या आवृत्तीत दोन फेऱ्या लागत, २०१८ मध्ये आलेल्या १.३ मध्ये एक पुरते. एवढे झाल्यावर ‘ही नोंद द्या’ ही खरी विनंती निघते. १.३ धरून आणि सर्व्हरने उत्तर तत्काळ दिले तरी ६०० मिलिसेकंद गेले, आणि त्यांतील ४०० निव्वळ ओळखपाळखीत.

गोम अशी की ‘रिक्वेस्ट्स डॉट गेट’ दर वेळी नवी जोडणी उघडते आणि काम होताच बंद करते. एकामागून एक शंभर विनंत्या म्हणजे शंभर वेळा ओळख, आणि एकूण ६० सेकंद. त्याऐवजी आरंभी जोडणी उघडी ठेवणारे एक ‘सेशन’ तयार करून सगळ्या विनंत्या त्याच्यामार्फत पाठवल्या, तर ओळख एकदाच होते आणि काम सुमारे २०.४ सेकंदांत आटोपते. जोडणी उघडी ठेवण्याची रीत एचटीटीपी १.१ ने, म्हणजे वेबवरच्या विनंत्या-उत्तरांच्या नियमांच्या त्या आवृत्तीने, १९९७ मध्येच सर्वसाधारण केली. आपला कोड मात्र ती मोडत राहतो.

उत्तर मोठे असेल तर नव्या जोडणीचा आणखी एक तोटा समोर येतो, आणि मला या विषयात सर्वांत मोहक वाटते ती हीच गोष्ट. वाटेतले जाळे किती भार सोसेल हे टीसीपीला आधी ठाऊक नसते, त्यामुळे ते बिचकत सुरुवात करते: प्रथम साधारण १० पाकिटे, म्हणजे सुमारे १४ केबी, पाठवून ते पोच येण्याची वाट पाहते आणि सगळे नीट पोहोचले तर पुढच्या फेरीत दुप्पट पाठवते. १४, २८, ५६, ११२ या चढत्या क्रमाने २०० केबीचे उत्तर पुरे व्हायला चार फेऱ्या लागतात. वापरात असलेल्या जोडणीची ही मर्यादा आधीच वाढलेली असल्यामुळे तेच उत्तर बरेचदा एकाच फेरीत येते. ‘स्लो स्टार्ट’ हे या पद्धतीचे नाव; वाढ घातांकी असूनही नाव मात्र असे.

उघड्या जोडणीचीही जोखीम असते. काही काळ शांतता राहिली की सर्व्हर ती बंद करतो, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण विनंती पाठवली तर ती पोहोचली की नाही हे कळायला मार्ग नसतो. ‘गेट’ ही केवळ माहिती मागणारी विनंती बेलाशक पुन्हा पाठवता येते. पैसे वळते करणारी ‘पोस्ट’ मात्र दोनदा पोहोचली तर दोनदा पैसे जाऊ शकतात. म्हणून अनेक पेमेंट सेवा विनंतीसोबत एक अनन्य क्रमांक स्वीकारतात आणि तोच क्रमांक पुन्हा आला की नवा व्यवहार न करता जुनेच उत्तर परत देतात. हा क्रमांक विनंती प्रथम पाठवण्यापूर्वी तयार करून जपून ठेवावा लागतो, कारण फेरप्रयत्नाच्या वेळी नवा तयार केला तर सर्व्हरच्या दृष्टीने तो दुसराच व्यवहार ठरतो.