हँडीकॅम पडून पडून का बिघडतो

नव्वदच्या दशकात पुण्यात ज्या घरांमध्ये मुंज, लग्न, बारसं झालं त्यातल्या बऱ्याच घरांत अजूनही माळ्यावर एक काळी बॅग असते, आत हँडीकॅम, चार्जर, पाच-सहा छोट्या कॅसेट्स आणि एक वायर जिचं नक्की काय करायचं ते आता कोणालाच आठवत नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, "अरे आम्ही नीट ठेवलेला, कोणी हातसुद्धा लावला नाही, मग बिघडला कसा?" तर हात लावला नाही म्हणूनच बिघडला. आणि मला खरंच वाटतं की हे कॅमेरे भंगारात देऊ नयेत, एकदा तरी चालू करावेत, कारण कॅसेटवरच्या चुंबकीय खुणा तशा टिकाऊ असतात पण त्या वाचू शकणारं यंत्र आता नव्याने कुठेच बनत नाही.

आधी हे वाचणं किती अवघड असतं ते बघा. आपल्याकडच्या बहुतेक हँडीकॅममध्ये ८ मिलीमीटर रुंदीची टेप असते, हा व्हिडिओ-एट फॉरमॅट १९८५ च्या सुमारास आला. टेप स्वतः अगदी हळू सरकते, पाल (PAL) म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला जेमतेम २ सेंटीमीटर. पण चित्राच्या सिग्नलमध्ये सेकंदाला पन्नास लाखांच्या आसपास कंपनं असतात, ती इतक्या कमी जागेत मावणारच नाहीत. म्हणून इंजिनियर लोकांनी टेपवर लिहिणारं-वाचणारं हेडच फिरवलं! ४० मिलीमीटर व्यासाचा एक तिरका ड्रम, त्यावर दोन बारीक हेड्स, आणि तो सेकंदाला २५ फेऱ्या मारतो. टेप त्याच्याभोवती गुंडाळली जाते आणि हेड टेपवर तिरक्या रेघा ओढत जातं, प्रत्येक रेघ म्हणजे अर्धी फ्रेम, रुंदी फक्त ३४ मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरचे ३४ हजारांश. हेड आणि टेपचा एकमेकांशी वेग होतो सेकंदाला ३ मीटरच्या थोडा वर. हेच स्थिर हेडने करायचं म्हटलं तर ९० मिनिटांच्या कॅसेटला जवळजवळ १७ किलोमीटर टेप लागली असती, पुणे स्टेशनवरून निघून पिंपरीच्या पुढे जाईल एवढी. प्रत्यक्षात लागते साधारण १०८ मीटर. मला हे दर वेळी नव्याने भारी वाटतं.

आता पडून राहिल्यावर होतं काय, तर सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे कपॅसिटर, सर्किटमधला थोडी वीज साठवणारा छोटा भाग. साधारण ८० च्या दशकाच्या शेवटापासून ९० च्या मध्यापर्यंतच्या कॅमेऱ्यांत जागा वाचवायला बोर्डवर चपटे बसणारे, करंगळीच्या नखापेक्षा छोटे ॲल्युमिनियमचे कपॅसिटर डझनावारी लावलेत. त्यांच्यात आत इलेक्ट्रोलाइट नावाचं द्रव असतं आणि खाली रबरी बूच. वर्षानुवर्षांत ते बूच दगा देतं, द्रव बाहेर पाझरतं आणि बोर्डवरचं तांबं हळूहळू खातं. कॅमेरा बंद असला तरी ही रासायनिक क्रिया चालूच राहते, तिला कुठे वीज लागते. मग कधी व्ह्यूफाइंडर काळा, कधी आवाज गायब, कधी चित्र आहे पण रंग नाही, कधी कॅमेरा चालू होऊन दोन सेकंदात बंद. अशा बोर्डवर सोल्डरिंग आयर्न टेकवलं की सुकटीसारखा वास येतो, तो वास आला की निदान झालं म्हणून समजा. उपाय एकच, सगळे कपॅसिटर काढायचे, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचा, खाल्लेले ट्रॅक बारीक वायरने जोडायचे आणि नवे लावायचे. कपॅसिटर आणि अल्कोहोल मिळायला पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली आहेच, पण काम मात्र नाजूक आहे, ओढून काढलं तर खालचा तांब्याचा पॅडच उखडून येतो. सोल्डरिंगची सवय नसेल तर जाणकाराकडेच द्या.

रबराचंही तेच. बेल्ट सैल होतो किंवा चक्क चिकट डांबर होऊन बसतो, टेप ओढणारं रबरी चाक, म्हणजे पिंच रोलर, कडक होतं, मग टेप धड सरकत नाही आणि मशीन ती चावतं.

बॅटरीवर वेळ घालवू नका. जुनी निकेल-कॅडमियम असेल तर ती गेलेलीच असते, पॉवर सप्लायवर कॅमेरा चालवा, व्होल्टेज खालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, बऱ्याच मॉडेल्सना ६ व्होल्ट लागतात. (जाता जाता, आज आपल्या मोबाईलमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनीने पहिल्यांदा बाजारात आणली, आणि सुरुवातीच्या काळातच ती हँडीकॅममध्येही आली.)

पुण्यात पावसाळ्यात एक गंमत हमखास होते, कॅमेरा चालू होतो, स्क्रीनवर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह येतं आणि कॅसेट बाहेर काढण्याशिवाय काहीच करू देत नाही. लोक म्हणतात बिघडला, पण तो बिघाड नसतो. ड्रमजवळ ओलावा ओळखणारा सेन्सर असतो. फिरत्या ड्रम आणि टेपमध्ये हवेचा अगदी पातळ थर असतो, ड्रमवर दव बसलं की तो थर जातो आणि टेप गुळगुळीत धातूला चिकटून तुटू शकते. हेअर ड्रायर मारू नका, झाकण उघडून सिलिका जेलच्या डब्यात एक-दोन दिवस ठेवा.

ओलाव्याचा खरा मार मात्र कॅसेटवर पडतो. कॅसेटच्या खिडकीतून बघा, टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी आहे, अशी कॅसेट कॅमेऱ्यात अजिबात घालायची नाही, हेड तर भरतंच पण बुरशी पुढच्या सगळ्या कॅसेट्सना लागते. आधी टेप साफ करून घ्यायला लागते. आणि कॅमेरा दुरुस्त झाला तरी पहिली कॅसेट कधीच लग्नाची नको, आधी एखादी बिनकामाची चालवून बघायची.

हेड साफ करताना अल्कोहोलमध्ये भिजवलेला साधा कागद ड्रमला नुसता टेकवून धरा आणि ड्रम हाताने हळू फिरवा, कागद वर-खाली घासायचा नाही, हेड फेराइट नावाच्या ठिसूळ पदार्थाचं असतं, टवका उडाला की संपलं. टेपच्या वाटेवर तिला दिशा देणारे जे गाइड असतात त्यांचे स्क्रूही फिरवू नका. कॅसेट ज्या कॅमेऱ्यात शूट झाली त्याच कॅमेऱ्यात बहुतेक वेळा सगळ्यात नीट वाजते, कारण त्या तिरक्या रेघा त्याच्याच गाइडच्या कलाने ओढल्या गेलेल्या असतात, आणि म्हणूनच दुसरा कॅमेरा शोधण्याआधी आपलाच दुरुस्त करण्यात अर्थ आहे. अगदीच नाही जमलं तर १९९९ पासून आलेल्या डिजिटल-एट कॅमेऱ्यांपैकी काही मॉडेल्स या जुन्या कॅसेट्स वाजवतात आणि फायरवायर नावाच्या केबलने कॉम्प्युटरला थेट डिजिटल चित्र देतात.

चित्र आलं की लगेच कॅप्चर करा, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, नंतर करू म्हणू नका. कॅमेऱ्यात एस-व्हिडिओचं सॉकेट असेल तर पिवळ्या पिनेऐवजी ते वापरा, रंग स्वच्छ येतात. आणि कॅमेरा अमेरिकेतल्या मामाने किंवा काकाने आणलेला असेल, पुण्यात असे भरपूर आहेत, तर तो पाल नाही, अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीचा असणार, ६२५ ऐवजी ५२५ रेषांचा. तेव्हा कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी एनटीएससी निवडा, नाहीतर चित्र काळंपांढरं येतं किंवा वर-खाली पळत राहतं आणि दुरुस्त झालेला कॅमेरा माणूस उगाच परत उघडायला बसतो.