काउंटीतली शेती सबसिडी (अमेरिका)

अमेरिकेत शेतकऱ्याची सबसिडी ठरते वॉशिंग्टनला, पण त्याचं सगळं कामकाज चालतं काउंटीच्या ऑफिसात. काउंटी म्हणजे आपला तालुका आणि जिल्हा याच्या मधलं काहीतरी समजा. कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीची अशी 2,000 पेक्षा जास्त ऑफिसं आहेत. सुरुवात 1933 च्या कायद्यापासून, तेव्हा मंदीत भाव एवढे कोसळले होते की सरकारने कमी पेरा म्हणून पैसे वाटले.

दरवर्षी शेतकरी या ऑफिसात येऊन पेरा नोंदवतो, बऱ्याच भागात उन्हाळी पिकांची शेवटची तारीख 15 जुलै असते, त्यामुळे त्या आठवड्यात गर्दी. समोर विमानातून काढलेला फोटो-नकाशा, प्रत्येक तुकड्याला नंबर, आणि हा सांगणार की या तुकड्यात मका, त्यात सोयाबीन, अमुक तारखेला पेरलं. आपली ई-पीक पाहणीच, फक्त समोर माणूस बसलेला.

गंमत म्हणजे मका-सोयाबीन-गव्हाच्या मुख्य योजनांत एवढं सगळं नोंदवूनही पैसे यंदाच्या पेऱ्यावर मिळत नाहीत, ते मिळतात 'बेस एकर'वर, म्हणजे त्या जमिनीवर पूर्वी काय पिकायचं त्याची कागदावरची नोंद. बेस मक्याचा असेल आणि तुम्ही यंदा सोयाबीन लावलं तरी हिशोब मक्याचाच.

2014 च्या कायद्याने दरवर्षीची ठराविक रक्कम बंद झाली आणि दोन पर्याय आले. एक सरळ आहे, देशातला भाव ठरलेल्या भावाच्या खाली गेला की फरक मिळतो. दुसरा काउंटीचा. त्यात काउंटीचं सरासरी उत्पन्न धरतात. समजा मक्याचं नेहमीचं उत्पन्न एकरी 800 डॉलर, 2025 च्या कायद्यानंतर त्याच्या 90 टक्क्यांची हमी, म्हणजे 720. प्रत्यक्षात काउंटीत 640 आलं तर फरक 80, आणि तो बेस एकरच्या 85 टक्क्यांवरच मिळतो, म्हणजे एकरी 68 डॉलर, तेही पीक काढल्यानंतर जवळजवळ वर्षाने. पण एकट्या तुमच्या शेतावर गारपीट झाली आणि बाकी काउंटी मजेत असेल तर या योजनेतून एक डॉलर नाही, त्यासाठी पीक विमा वेगळा घ्यायचा. उलट तुमचं पीक मस्त आलं आणि काउंटी झोपली तर पैसे येतात! रस्त्याच्या अल्याड एक काउंटी, पल्याड दुसरी, माती तीच, तरी रक्कम वेगळी, हे नेहमीचंच.

2019 ला चीनशी टॅरिफचं भांडण चालू होतं तेव्हाच्या मदतीत तर प्रत्येक काउंटीला सरळ एकरी दरच लावून दिला, कुठे 15 डॉलर तर कुठे 150, आणि त्यावरून शेजारच्या काउंट्यांत बरीच कुरकुर झाली.

या ऑफिसांवर शेतकऱ्यांनी निवडलेली काउंटी कमिटी असते. ऐकायला छान लोकशाही, पण गावातली वजनदार माणसंच निवडून येणार हे काय वेगळं सांगायला नको. दक्षिणेत काळ्या शेतकऱ्यांचे कर्जाचे अर्ज अडवले जायचे नाहीतर उशिरा मंजूर व्हायचे, पेरणी उलटून गेल्यावर मिळालेल्या कर्जाचा उपयोग काय? 1997 मध्ये काळ्या शेतकऱ्यांचा कृषी खात्याविरुद्ध भेदभावाचा पिगफर्ड खटला उभा राहिला, 1999 ला तडजोड झाली, आणि ज्यांचे दावे मुदतीत पोचले नव्हते त्यांच्यासाठी 2010 मध्ये आणखी 1.25 अब्ज डॉलरची दुसरी तडजोड झाली.