अवरक्त वर्णपटमिती : कच्च्या तेलाचा उगम आणि परिपक्वता

कच्च्या तेलातील रासायनिक बंध कोणते अवरक्त (इन्फ्रारेड) किरण शोषतात, हे पाहून ते तेल कशापासून बनले आणि भूगर्भात किती तापले, म्हणजे किती परिपक्व झाले, याचा अंदाज बांधण्याची पद्धत. कोकण किनाऱ्यावर ती दोन ठिकाणी कामी येते : समुद्रातील विहिरींचे तेल तपासताना आणि पावसाळ्यात पुळणीवर येणाऱ्या डांबरगोळ्यांची (समुद्रातील तेल घट्ट होऊन बनलेल्या गोळ्यांची) छाननी करताना.

तेलाचा थेंब पोटॅशियम ब्रोमाइडच्या चकतीवर पसरतात किंवा उपकरणातील हिऱ्याच्या स्फटिकावर ठेवतात. साधी काच चालत नाही. ती स्वतःच हे किरण शोषते. कोणत्या तरंगांकाचे (एका सेंमीत मावणाऱ्या तरंगांच्या संख्येचे) किरण किती शोषले गेले, याचा आलेख मिळतो. त्यात ७२० प्रति सेंमी जवळचे शिखर लांब कार्बन साखळ्यांचे, १६०० चे अॅरोमॅटिक (बेंझिनसारख्या) वलयांचे, १७०० चे कार्बोनिल गटाचे (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचे). जमिनीवरील वनस्पतींच्या मेणातून आलेल्या तेलात ७२० चे शिखर ठळक असते. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायचे तेल मेणयुक्त आहे. त्याचा मुख्य स्रोत मानल्या जाणाऱ्या पन्ना शैलसमूहात कोळसा आणि वनस्पतिजन्य द्रव्य आहे, त्याच्याशी हे जुळते.

परिपक्वतेच्या बाबतीत मात्र गफलत होऊ शकते. स्रोतखडकातील केरोजेन (ज्यापासून तेल बनते ते घन सेंद्रिय द्रव्य) तापत जाते तसा आधी कार्बोनिल गट घटतो, मग साखळ्या तुटून अॅरोमॅटिक वाटा वाढतो. तेलात बहुधा उलटे घडते : जास्त परिपक्व तेल हलके, त्यात संपृक्त (फक्त एकेरी बंधांचे) हायड्रोकार्बन अधिक. म्हणून केरोजेनसाठीचे शिखरांचे गुणोत्तर तेलाला लावता येत नाही.

डांबरगोळ्यात तर आणखी घोळ. उन्हाने ऑक्सिडीकरण होऊन १७०० चे शिखर फुगते. त्यावरून तेल अपरिपक्व म्हणणे साफ चुकीचे. पाण्याचा १६४० चा पट्टा १६०० च्या शिखरात मिसळतो. वाळूतील सिलिकाचा १०८० च्या आसपासचा रुंद पट्टा सल्फॉक्साइडचे (गंधक-ऑक्सिजन बंधाच्या संयुगांचे) १०३० चे शिखर झाकतो, आणि गंधकयुक्त तेल ओळखायला नेमके तेच हवे असते. म्हणून गोळा डायक्लोरोमिथेन या द्रावकात विरघळवून गाळतात आणि निर्जल सोडियम सल्फेटने पाणी काढतात. शिवाय किनाऱ्यावरचे प्रत्येक तेल कच्चे नसते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा सांडले ते जहाजाचे इंधन. अशा शुद्धीकरण कारखान्यातून आलेल्या तेलाला परिपक्वतेचे गणित लावण्यात अर्थ नाही.

या पद्धतीने नमुन्यांचे गट झटपट पाडता येतात. एखादा गोळा नेमका कोणत्या तेलाचा, हे ठरवायला होपेन व स्टेरेन या जैवखुणांचे (प्राचीन सजीवांपासून तेलात उरलेल्या रेणूंचे) वायू वर्णलेखन–द्रव्यमान वर्णपटमितीने केलेले मापन लागते.