गल्लीतला वसंत पाखरांवरून ओळखावा

कोल्हापुरात थंडी नेमकी कधी संपली, हे सांगणं अवघड. फेब्रुवारीच्या मध्यावर पहाटे रंकाळ्यावर फिरणाऱ्यांच्या अंगात स्वेटर असतो आणि दुपारी राजारामपुरीत सावली शोधत चालावं लागतं. पक्ष्यांचा मात्र गोंधळ होत नाही. त्यांचा मुख्य भरवसा दिवसाच्या लांबीवर असतो.

आपलं शहर उत्तर अक्षांश 17 अंशांच्या जवळ आहे. इथला सगळ्यात लहान दिवस अकरा तासांहून किंचित मोठा आणि सगळ्यात मोठा तेरा तासांहून किंचित मोठा. म्हणजे वर्षभराचा फरक दोन तासांचा, आणि फेब्रुवारीत दिवस रोज जेमतेम मिनिटभर वाढतो. एवढं पाखराला कळतं कसं? पक्ष्यांच्या मेंदूत, हायपोथॅलॅमस या भागात, प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. कवटीतून झिरपून आत आलेला उजेड त्यांना पुरतो. दिवस ठरावीक लांबीचा झाला की संप्रेरकं स्रवू लागतात, नराचे वृषण कित्येक पटींनी वाढतात आणि त्यामागोमाग गाणं, भांडणं, घरटं बांधणं सुरू होतं. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या पनामातल्या एका अभ्यासात, तिथल्या जंगलातला एक छोटा पक्षी दिवसातला अवघा 17 मिनिटांचा फरक ओळखतो, असं दिसून आलं. पनामा तर आपल्यापेक्षाही विषुववृत्ताच्या जवळ!

हा बदल बघायला दुर्बीण घेऊन लांब जायची गरज नाही. दारातली जास्वंद पुरे. तिच्यावर येणारा जांभळा सूर्यपक्षी मला या दिवसांतला सगळ्यात पाहण्यासारखा पक्षी वाटतो. विणीचा हंगाम सरला की नर आपला झळाळता पोशाख उतरवतो आणि मादीसारखा फिकट, पिवळसर दिसू लागतो. फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा उरतो. थंडीच्या अखेरीस नवी पिसं येऊ लागतात, तेव्हा तो अर्धा पिवळा, अर्धा काळा, ठिगळं लावल्यासारखा दिसतो. अनेकांना तो वेगळाच पक्षी वाटतो. रोज त्याच फुलांवर नजर ठेवली, तर काही आठवड्यांत ही ठिगळं एकमेकांना मिळताना दिसतील. त्याचा जांभळा-निळा रंग जांभळ्या रंगद्रव्याचा नसतो. पिसांतल्या मेलॅनिन या गडद द्रव्याच्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परावर्तित होताना तो उमटतो. म्हणून सावलीत तो नुसता काळा दिसतो आणि मान वळवून उन्हात आला की चमकतो.

तांबट आधी ऐकू येतो. हिवाळ्यात जवळजवळ गप्प असलेला हा चिमणीएवढा हिरवा पक्षी आता वडा-पिंपळाच्या शेंड्यावरून तासन्‌तास ‘टुक्‌ टुक्‌’ करतो. चोच मिटलेली, गळ्याची कातडी प्रत्येक आवाजासरशी फुगते. तो बोलताना डोकं इकडेतिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज कुठून येतोय ते लवकर कळत नाही. अशा वेळी शेंड्याजवळच्या वाळक्या फांद्या आधी तपासाव्यात.

याच सुमारास थंडीत आलेल्या पाहुण्यांची परतीची तयारीही दिसते. पांगारा आणि सावर फुलली की गुलाबी मैनांचे, म्हणजे भोरड्यांचे, थवे झाडावर कलकलाट करतात. या पाहुण्या मध्य आशियाकडे परतणार असतात आणि त्याआधी अंगात चरबी साठवणं त्यांना भाग असतं. पाणवठ्याकाठी शेपूट हलवत फिरणारे पिवळे धोबीही मार्चमध्ये जास्त पिवळेधमक होतात आणि मग एक दिवस दिसेनासे होतात. कोकीळ आणि कावळ्यांची घरटी हा पुढचा अंक.

नोंद ठेवायची असेल तर तारीख, वेळ, ठिकाण आणि संख्या एवढं पुरतं. फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या पक्षिगणनेत किमान पंधरा मिनिटांचं निरीक्षण ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर देता येतं, भारतातून 2013 पासून लोक त्यात नोंदी करतात. मंगळवार पेठेतल्या परसातली नोंदही तिथे चालते. न दिसलेला पक्षी मात्र अंदाजाने लिहू नये.

आणखी एक कळकळीची विनंती. पावसाळ्याआधी वाळक्या फांद्या छाटायची घाई सुरू होते. तांबट अशाच मऊ, वठलेल्या लाकडात घरट्यासाठी गोल भोक पाडतो, बऱ्याचदा फांदीच्या खालच्या बाजूने. कुऱ्हाड लावण्याआधी खालून एकदा नीट बघा. भोक दिसलं आणि फांदी कुणाच्या अंगावर पडण्यासारखी नसेल, तर पिल्लं उडेपर्यंत ती राहू द्या.