तीन फटक्यांचा ड्रॅगन आणि चौघांचा डाव

रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ 1993 साली बाजारात आला आणि तीन वर्षांत त्याची प्रो टूर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांची मालिकाही सुरू झाली. ती समोरासमोरची, दोघांची लढत. चौघांनी बसून खेळायचा त्याचा प्रकार, ‘कमांडर’, जन्मला तो या चुरशीपासून लांब, अलास्कात.

तिथे अ‍ॅडम स्टेली आणि त्यांच्या मित्रांनी 1994 च्या ‘लेजेंड्स’ संचातले पाच मोठे ड्रॅगन सेनापती म्हणून वाटून घेतले. प्रत्येकाचा कॅट 100 पानांचा, आणि साध्या जमिनी (माना, म्हणजे पानं खेळायला लागणारी ऊर्जा, देणारी पानं) सोडल्या तर एकही पान दोनदा नाही. नाव ठेवलं ‘एल्डर ड्रॅगन हायलँडर’, म्हणजेच ईडीएच. एकाच सेनापतीकडून 21 चा मार बसला की खेळाडू बाद, हा नियम नवख्याला कोड्यात टाकतो. ते पाचही ड्रॅगन 7 ताकदीचे होते. तीन फटक्यांत खेळ खलास, एवढाच तो हिशोब.

मॅजिकच्या स्पर्धांचे पंच शेल्डन मेनेरी यांनी हा प्रकार अलास्काबाहेर नेला. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून थकलेले पंच रात्री हाच डाव मांडत. 2011 मध्ये मॅजिक काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने ‘कमांडर’ नावाने तयार डेक काढले आणि खेळ घरोघरी गेला.

पण पानं पिसायला बसलं की कुणाला तरी जिंकायचं असतंच. त्यातून सीईडीएच, म्हणजे स्पर्धात्मक कमांडर, उभा राहिला. सुरुवातीचे 40 प्राण इथे शोभेपुरते. 2020 च्या जानेवारीत आलेलं ‘थासाज ऑरॅकल’ टाकायचं, त्याचा परिणाम लागू होण्याआधी 1995 चं ‘डेमॉनिक कन्सल्टेशन’ खेळायचं, आणि आपल्या डेकमध्ये नसलेल्या पानाचं नाव घ्यायचं. ते पान शोधता शोधता सगळी गड्डी खेळाबाहेर जाते, आणि गड्डी रिकामी असेल तर ऑरॅकल तुम्हाला विजयी ठरवतं. खर्च तीन माना.

खरी गंमत पुढे आहे. हे रोखायला ‘फोर्स ऑफ विल’ हे पान माना न खर्चता फुकटात खेळता येतं, पण एक प्राण आणि हातातलं आणखी एक निळं पान देऊन. म्हणजे दोन पानं माझी गेली, वाचलो आम्ही तिघं. बाकी दोघांचा सुंठीवाचून खोकला गेला. मग ज्याची पाळी आधी तो पान हातात असूनही ‘पास’ म्हणतो आणि शेवटच्या माणसाच्या गळ्यात घोंगडं टाकतो. त्याच्याकडे काहीच नसलं तर तिघंही बुडतात. दोघांच्या खेळात न लागणारं हे कसब आहे, आणि माझ्या मते डेकच्या यादीपेक्षा तेच शिकायला अवघड.

कमांडरचे नियम ठरवणाऱ्या समितीने या सीईडीएचवाल्या मंडळींकडे सहसा कानाडोळाच केला. अपवाद एप्रिल 2020 चा: ‘फ्लॅश’ या पानावरची बंदी मुख्यतः त्यांच्यासाठी होती. 2023 मध्ये मेनेरी वारले. 23 सप्टेंबर 2024 ला समितीने ‘माना क्रिप्ट’ आणि ‘ज्वेल्ड लोटस’सह चार पानांवर बंदी घातली. महागडी पानं, त्यामुळे संताप इतका उसळला की सदस्यांना धमक्या आल्या आणि आठवड्याभरात समितीने कारभार विझर्ड्सकडे सोपवला. फेब्रुवारी 2025 मध्ये कंपनीने डेकच्या ताकदीच्या पाच पायऱ्या जाहीर केल्या. पाचवीचं नावच सीईडीएच.