गुणपत्रिकेत न दिसणारं नुकसान

नायजेरियातल्या विद्यापीठांत 'कॅरीओव्हर' म्हणजे आपल्याकडची केटी. विषय राहिला की पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं, आणि पुष्कळदा त्याच प्राध्यापकापुढे. शिकवणारा तो, पेपर काढणारा तो, तपासणाराही तोच. गुणांच्या बदल्यात विद्यार्थिनीकडे शरीरसंबंध मागायला आणखी काय हवं?

२०१८ मध्ये इले-इफेच्या ओबाफेमी आवोलोवो विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीने प्राध्यापकाचा फोन रेकॉर्ड केला. पास करायच्या बदल्यात तो शरीरसंबंध मागत होता. एकदा नव्हे, पाच वेळा. विद्यापीठाने त्याला काढलं आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाने दोन वर्षांची कैद सुनावली. पुढच्याच वर्षी बीबीसीने लागोस आणि घाना विद्यापीठांत छुपे कॅमेरे नेले. ते वार्तांकन करणाऱ्या किकी मोर्डी यांचं स्वतःचं शिक्षण अशाच छळापायी अर्धवट सुटलं होतं.

आता अशा छळाने अभ्यासाचं काय होतं ते पाहू. सतत धास्ती असली की शरीरात कॉर्टिसॉलसारखी ताणाची संप्रेरकं वाढतात आणि मेंदूच्या पुढच्या भागाचं काम ढेपाळतं. गणित सोडवताना आधीची पायरी डोक्यात धरून ठेवणं, लक्ष न ढळू देणं, हे सगळं याच भागाकडे असतं. झोपेचं खोबरं झालं की पाठ केलेलंही नीट टिकत नाही. पुस्तक उघडं असतं, पान पुढे सरकत नाही.

पण संशोधकांची खरी अडचण वेगळीच आहे. हा परिणाम मोजायचा कशाने? गुणांनी म्हणावं, तर इथे गुणच विकाऊ. नकार देणारीला येत असूनही नापास केलं जातं. दबावाखाली झुकलेलीला गुण मिळतात, पण विषय कच्चाच राहतो. शिवाय जी वैतागून शिक्षणच सोडते, ती वर्गात जाऊन केलेल्या पाहणीत सापडणार कशी? म्हणून अशा पाहण्यांतून नुकसान आहे त्याहून कमी दिसण्याचीच शक्यता जास्त.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक अकादमींच्या लैंगिक छळावरच्या २०१८ च्या अहवालाने गुणांपलीकडेही पाहिलं: तास बुडवणं, विषय सोडणं, मार्गदर्शक बदलणं, विद्यापीठच सोडून जाणं. यातलं मार्गदर्शक बदलणं ऐकायला किरकोळ वाटतं. पीएचडी करणाऱ्या कुणालाही विचारा; गाईड बदलला की बहुतेकदा विषय बदलतो आणि वर्षं वाया जातात.

आणखी एक झळ बसते ती जिच्या वाटेला कुणी गेलेलं नाही तिलाही. रात्री जागून पहिली आलेल्या मुलीकडे, हिनेही गुण तसेच मिळवले असतील अशा अर्थाने, वर्गातली मुलं डोळे मिचकावून बघतात. हे मला सगळ्यांत चीड आणणारं वाटतं.

नायजेरियाच्या सिनेटने २०२० मध्ये कडक शिक्षेचं विधेयक मंजूर केलं. पण शिक्षा होते ती गुन्हा सिद्ध झाल्यावर. उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकणं आणि ती दुसऱ्या परीक्षकाकडूनही तपासून घेणं, एवढ्यानेही लेखी परीक्षेपुरती एकट्या प्राध्यापकाची सत्ता कमी होते. तोंडी परीक्षा आणि प्रबंध मात्र त्यातूनही निसटतात.